चार ट्यूबा, एक चेहरा

पत्र असं आलंय:

"मावशी, मी 22 वर्षांची. मूळची लातूरची, दोन वर्षांपासून पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर मुरूम आहेत. फार भयंकर नाहीत, पण जातही नाहीत. एक बसतो तोवर दुसरा उठतो आणि पहिला काळा डाग ठेवून जातो. टेबलावर आता चार ट्यूबा जमल्यात. क्लिंडामायसिन जेल गेल्या वर्षी गावच्या डॉक्टरांनी दिलं होतं, ते अधूनमधून लावते. बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के मेडिकलमधून आणलं, त्याने चेहरा सोलवटला म्हणून सोडलं. ॲडापालीन न्यू जर्सीतल्या आतेबहिणीने सुचवलं, तिकडे म्हणे ते कुणीही दुकानातून उचलतं. तीन आठवडे लावलं, उलट मुरूम वाढले, सोडलं. चौथं रूममेटचं क्रीम. खरं सांगू का, तेच एकटं लागू पडलं. चार दिवसांत चेहरा स्वच्छ आणि उजळसुद्धा. बारा दिवस लावलं, ट्यूब संपली आणि आठवड्याभरात मुरूम दुप्पट. ताईचं लग्न अक्षय्य तृतीयेला आहे, अजून साडेतीन महिने. चौघांतलं सगळ्यात चांगलं कोणतं तेवढं सांगा, म्हणजे तेच आणते. – चार ट्यूबवाली"

अगं चार ट्यूबवाले,

पत्रासोबत चारही ट्यूबांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवलेस, ते फार बरं केलंस. मी औषधाच्या दुकानात बसते, तिथे काउंटरवर लोक ट्यूबची पुढची बाजू दाखवतात. पुढे फक्त नाव आणि रंग असतो, खरी कुंडली मागे असते.

तुझ्या चौथ्या ट्यूबच्या मागे तीन नावं आहेत: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड आहे. तुला जे 'लागू पडलं' ते हेच. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणून चेहरा दोन-चार दिवसांत फिकट आणि गुळगुळीत दिसतो. मुरूम होण्याचं कारण मात्र जागच्या जागी असतं. क्रीम थांबलं की दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं. तू बारा दिवसांवर थांबलीस हे नशीब. हेच क्रीम महिनोन्महिने लावणाऱ्या मुली मी काउंटरच्या पलीकडे बघते. कातडी पातळ, गालावर लाल शिरांचं जाळं, उन्हात पाऊल टाकलं की आग, ओठावर लव आणि मुरूम तर भरपूर, कारण स्टेरॉइडने स्वतःहून मुरूम येतात. क्रीम बंद केलं की त्रास वाढतो म्हणून बिचाऱ्या पुन्हा तेच लावतात. आपल्याकडे हे इतकं झालंय की त्वचेच्या डॉक्टरांनी या चेहऱ्याला वेगळं नावच ठेवलंय: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस.

या क्रीमचा मूळ हेतू वाईट नव्हता. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड एकत्र करायची कल्पना 1975 ची, अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या त्वचेच्या दोन डॉक्टरांची. आजही हे मिश्रण वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या तपकिरी चट्ट्यांसाठी, थोड्या आठवड्यांपुरतं, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. पण आपल्याकडे ते गोरं होण्याचं क्रीम म्हणून तोंडोतोंडी पसरलं. 2018 मध्ये सरकारने त्वचेला लावायची बरीच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ती मिळतात, आणि यात आमच्या भावकीचा दोष आहे हे कबूल करते.

तेव्हा चौथी ट्यूब यादीतून कायमची बाद. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं कोणतंही नाव ट्यूबच्या मागे दिसलं की ते मुरमांसाठी नाही, एवढं पाठ कर. तुझ्या अभ्यासक्रमात हे विचारणार नाहीत, पण उपयोगी पडेल.

आता उरलेल्या तिघी. तुझा प्रश्न आहे यातली सगळ्यात चांगली कोणती. त्याआधी मुरूम कसा होतो ते बघू, कारण तिघींची कामं वेगळी आहेत. (आपल्याकडे रस्त्यातले खड्डे मुरूम टाकून बुजवतात आणि चेहऱ्यावर मुरमामुळेच खड्डा पडतो, ही मराठीची गंमत मला नेहमी वाटते. असो.) मोरीचं भोक कसं तुंबतं ते आठव. त्वचेच्या प्रत्येक छिद्राखाली तेलाची ग्रंथी असते. वयात आल्यावर ती जास्त तेल सोडते. छिद्राच्या आतल्या बाजूच्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या ऐवजी तेलात चिकटून बसतात. झालं, भोक तुंबलं. वरून बंद राहिलं तर पांढरा दाणा, उघडं राहिलं तर काळा. तो काळा रंग मळाचा नसतो, घासून जात नाही. या तुंबलेल्या, हवा नसलेल्या जागेत क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू फोफावतात. ते सगळ्यांच्याच कातडीवर असतात, तुझ्याच नाही. मग शरीर त्यांच्यावर धावून जातं, लाली येते, पू होतो.

आणि छिद्र तुंबायला लागल्यापासून मुरूम डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. आज तुझ्या गालावर जो उठलाय त्याची तयारी दिवाळीनंतर कधीतरी सुरू झाली असेल. म्हणून खरं काम करणारं औषध चार दिवसांत चेहरा साफ करूच शकत नाही.

क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक, म्हणजे ॲन्टिबायोटिक. जंतू कमी करतं, सूज थोडी उतरवतं, त्वचेला झोंबत नाही. म्हणूनच सगळ्यांना आवडतं आणि म्हणूनच घोळ होतो. एकटं लावत राहिलं की जंतू त्याला सरावतात, मग ते चालेनासं होतं. तू 'अधूनमधून' लावतेस, तो जंतूंना शिकवायचा सगळ्यात सोपा मार्ग. नियम साधा आहे: क्लिंडामायसिन लावायचं तर बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच, आणि साधारण तीन महिन्यांच्या आत थांबवायचं. शिवाय तुझी ट्यूब गेल्या वर्षीची आहे, तारीख बघ. माझं मत विचारशील तर तुझ्यासारख्या मुरमांना ती लागणारच नाही. कपाटात ठेवू नकोस, कुणाला देऊही नकोस.

बेन्झॉइल पेरॉक्साइडचं काम जंतू मारण्याचंच, पण रीत निराळी. ते त्वचेत गेलं की ऑक्सिजनचे तिखट कण सोडतं, आणि हे जंतू ऑक्सिजनला भितात. याला जंतू सरावत नाहीत, हा याचा मोठा गुण. वर तुंबलेलं भोक थोडंफार मोकळंही करतं. दुकानात 2.5, 5 आणि 10 टक्क्यांचं मिळतं. गिऱ्हाईक 10 टक्के मागतं, कारण जास्त आकडा म्हणजे जास्त गुण असं आपल्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात लाल मुरमांवर 2.5 टक्के जवळपास 10 टक्क्यांएवढंच काम करतं, आग आणि सोलवटणं मात्र 10 टक्क्यांत खूप जास्त. तुझी ट्यूब बरोबर आहे. चुकलं ते लावण्यात, असा माझा अंदाज. दिवसातून दोनदा, जाडसर थर, साबणाने खसखसून धुतलेल्या चेहऱ्यावर? बहुतेक जणी असंच करतात.

याचा एक वाह्यातपणा आधीच सांगते: कापडाचा रंग उडवतं. टॉवेल, उशीचा अभ्रा, कुर्त्याचा गळा, सगळ्यावर पांढरट ठिपके. रूममेटसोबतच्या खोलीत यावरून भांडणं होतील. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा घे आणि लावल्यावर हात धू. ट्यूब खिडकीतल्या उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नकोस, हे औषध उष्णतेत बिघडतं.

आता ॲडापालीन. तिघींत मला एकच ठेवायची मुभा दिलीस तर मी ही ठेवीन. हे रेटिनॉइड घराण्यातलं, अ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातलं. बाकीची औषधं तुंबलेल्या मोरीतल्या घाणीशी झगडतात, हे भोक तुंबूच देत नाही. छिद्राच्या आतल्या पेशी पुन्हा सुट्या व्हायला लागतात, सूजही उतरते. म्हणजे ते आजच्या मुरमापेक्षा दीड-दोन महिन्यांनंतरच्या मुरमावर जास्त काम करतं. यामुळेच ते फक्त पुळीवर टेकवून चालत नाही, सगळ्या चेहऱ्याला लावावं लागतं, जिथे आज काही दिसत नाही तिथेही.

तुझी आतेबहीण खोटं बोलली नाही. अमेरिकेत 0.1 टक्के ॲडापालीन 2016 पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे ते अजून चिठ्ठीचं औषध आहे, आणि तुला कुणी तरी तसंच दिलं. दिलं ते दिलं, वापरायचं कसं हे न सांगता दिलं याचा मला जास्त राग आहे. कारण हे औषध लोक सोडतात ते औषध वाईट म्हणून नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कोरडेपणा, लाली, सोलणं होतं आणि आत दबा धरून बसलेले काही मुरूम वर येतात, म्हणून सोडतात. तू तिसऱ्या आठवड्यात सोडलंस, म्हणजे नेमकं त्या घाटात. आणखी महिनाभर थांबली असतीस तर कदाचित हे पत्र आलं नसतं.

याच घराण्यातली थोरली बहीण ट्रेटिनॉइन. कामाची आहे, पण जास्त झोंबते, उजेडात खराब होते आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत एकाच वेळी लावली तर बरीचशी वाया जाते. ॲडापालीनचं त्याच्याशी चांगलं जमतं. दोन्ही एकत्र असलेली ट्यूबसुद्धा मिळते, 0.1 आणि 2.5 टक्क्यांची. डॉक्टर ती हमखास लिहून देतात, आणि मला ते पटतं, कारण एकाच ट्यूबमध्ये मोरी मोकळी आणि जंतूही कमी.

तर उत्तर: ॲडापालीन रात्री, बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी, किंवा दोन्हींची एक ट्यूब रात्री. पण आधी एकदा त्वचेच्या डॉक्टरांना चेहरा दाखव आणि ही यादी त्यांच्यापुढे ठेव. मी औषधं ओळखते, तुझी त्वचा मी पाहिलेली नाही. पुण्यात सरकारी रुग्णालयातही त्वचारोग विभाग असतो, खिशाला जड पडत असेल तर तिथे जा. स्टेरॉइडचे बारा दिवस त्यांना आवर्जून सांग, लाजू नकोस. त्या क्रीमनंतर कपाळावर एकसारखे, बारीक, खाजणारे दाणे उठले असतील तर ते मुरूम नसून बुरशीचे असू शकतात, आणि त्याचं औषध वेगळं.

त्यांनी हो म्हटलं की लावायची रीत अशी. सध्या स्टेरॉइडमुळे कातडी हुळहुळलेली असेल, तर पहिले आठ-दहा दिवस काहीच नको. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. मग ॲडापालीन दोन रात्री सोडून एक रात्र. चेहरा धुवून टिपायचा, पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या कातडीवर ते जास्त झोंबतं. सगळ्या चेहऱ्याला मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढं. दोन दाणे लावले म्हणून दुप्पट गुण येत नाही, सोलवटणं तेवढं दुप्पट येतं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोड. वरून मॉइश्चरायझर. फारच कोरडं पडलं तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर. पंधरा दिवसांनी एक रात्र आड, सोसलं तर महिन्याने रोज. या मापाने 15 ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिना जाते. तुझी तीन आठवड्यांत किती संपली होती ते बघ, म्हणजे चेहरा का सोलला ते कळेल.

बेन्झॉइल पेरॉक्साइड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू कर, एकदम दोन नवी औषधं नकोत. सुरुवातीला सकाळी लावून पाच-दहा मिनिटांनी धुऊन टाक. तेवढ्यानेही काम होतं.

सनस्क्रीनचा कंटाळा करू नकोस. रेटिनॉइडने त्वचा उन्हाला हळवी होते आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर डाग उन्हाने गडद होतात. एसपीएफ 30 पुरे, जेलसारखं घे म्हणजे चिपचिप होणार नाही.

डागांबद्दल तू फारसं लिहिलं नाहीस, पण फोटोत मला मुरमांपेक्षा डागच जास्त दिसले. हे डाग म्हणजे वण नव्हेत. सपाट आहेत, खड्डा नाही, म्हणजे जातील. वेळ लागेल, काही महिने. ॲडापालीनने ते हळूहळू फिकटतात. त्यासाठी आणखी एक चांगलं औषध आहे ज्याची ट्यूब तुझ्या टेबलावर नाही: ॲझेलेइक ॲसिड, 10 किंवा 20 टक्क्यांचं. गहू-सातूसारख्या धान्यांत सापडणारं आम्ल. मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं, ॲडापालीनपेक्षा थोडं मवाळ, लावल्यावर काही मिनिटं चुणचुण. ज्यांना रेटिनॉइड सोसतच नाही त्यांच्यासाठी मी याचं नाव घेते. गरोदरपणात रेटिनॉइड वापरू नये, मूल हवं असेल तेव्हाही नाही. त्या काळात डॉक्टर हेच देतात. (हे तुझ्यासाठी नाही, हे सदर वाचणाऱ्या तुझ्या मोठ्या बहिणींसाठी.)

सॅलिसिलिक ॲसिड फेसवॉशमध्ये असतं. काळे-पांढरे दाणे थोडे असतील तर ठीक, तुझ्या कामाला कमी पडेल. नायासिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक प्रकार, लावायला सुखद, पण त्यावर भरवसा ठेवून बाकीचं सोडू नकोस. टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा नको. आजीचं चंदन-मुलतानी माती आठवड्यातून एकदा लावायची हौस असेल तर लाव, ज्या रात्री ॲडापालीन नाही त्या दिवशी. आणि शनिवारी डोक्याला खोबरेल चोपडून तशीच झोपत असशील तर कपाळावरच्या मुरमांचा निम्मा जाब त्या तेलाला विचार. तेल लावायचंच तर तासाभराने धू. खाण्यात गोड, मैदा, आणि काहींना दूध यांनी मुरूम वाढतात असं दिसतं. वडापावाचं तेल मात्र तोंडावाटे गालावर येत नाही, अपराधी वाटून घेऊ नकोस.

फोडू नकोस, हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगते.

मुरूम खोल, दुखऱ्या गाठींचे व्हायला लागले, खड्डे पडायला लागले, छाती-पाठीवर पसरले, किंवा पाळी पुढेमागे होतेय आणि हनुवटीवर राठ केस येतायत असं असेल तर नुसत्या ट्यूबांनी भागणार नाही. तेव्हा तपासण्या आणि गोळ्या लागतात. त्यातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी मैत्रिणीकडून मागून घ्यायची वस्तू नाही. तिने पोटातल्या बाळावर गंभीर परिणाम होतात, ती डॉक्टरांशिवाय तोंडात टाकायची नाही.

आता लग्न. साडेतीन महिने म्हणजे साधारण पंधरा आठवडे, आणि या औषधांचा हिशोब बारा आठवड्यांनी करायचा असतो. म्हणजे पत्र अगदी वेळेत आलं. आज एक फोटो काढ, खिडकीच्या उजेडात, बिनमेकअपचा. मग चार-चार आठवड्यांनी त्याच खिडकीत. रोज आरशात बघून काही कळत नाही, पहिल्या महिन्याच्या फोटोत कदाचित आणखी वाईट दिसशील, आठव्या आठवड्यात फरक जाणवेल. बाराव्यालाही काहीच फरक नसेल तर औषध बदलायला डॉक्टरांकडे जा, मनाने पाचवी ट्यूब आणू नकोस. लग्नापर्यंत एकदोन पुळ्या राहतील आणि फोटोवाला त्या काढून टाकेल. ओठावर व्हॅक्सिंग करणार असशील तर आठवडाभर आधी ॲडापालीन थांबव, नाहीतर मेणासोबत कातडी निघते. थ्रेडिंगलाही दोन-चार रात्री सोड. फेशियल पहिल्यांदाच करायचं असेल तर लग्नाच्या आठवड्यात नको. साडी नेसायच्या सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइडला हात लावू नकोस, पैठणीवर ठिपका पडला तर ताई आयुष्यभर ऐकवेल. आणि सगळं छान झालं तरी ॲडापालीन लग्नानंतर बंद करायचं नाही. ते थांबलं की भोकं पुन्हा तुंबायला लागतात. कमी दिवसांवर आणता येतं, ते डॉक्टर सांगतील.

एक काम आजच कर. रूममेटला विचार, ती ते क्रीम किती दिवसांपासून लावतेय. तुझ्यासारखे दहा-बारा दिवस असतील तर बंद करू दे. पण वर्ष-सहा महिने असतील तर हे पत्र वाचून घाबरून तिने ते एका रात्रीत सोडायचं नाही, चेहरा भाजल्यासारखा पेटेल आणि ती पुन्हा तीच ट्यूब आणेल. तिची ट्यूब पिशवीत घाला आणि डॉक्टरांकडे दोघी मिळून जा. तिचा नंबर आधी लाव.